आधी रीसेट करून बघा, मग मोठी रक्कम टाका

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारखी क्रिप्टो सांभाळणारं छोटं डिव्हाइस, सेटअप करताना २४ शब्द दाखवतं, ते टाकले की वॉलेट परत उभं करता येतं. काही जण म्हणतात की या शब्दांचा फोटो काढून ठेवला की झालं काम, तर प्लीज असं करू नका, फोटो आपोआप क्लाउडवर चढू शकतो आणि ते शब्द ज्याच्या हाती लागले त्याला ना तुमचं वॉलेट लागत ना पिन. कागदावरच लिहा, सुवाच्य.

मी सेटअप केलं तेव्हा आधी अगदी थोडी रक्कम पाठवली, मग मुद्दाम डिव्हाइस रीसेट मारलं आणि कागदावरून शब्द परत टाकायला घेतले, तर सतराव्याला अडलो, घाईत लिहिलेलं अक्षर ए आहे की ओ तेच कळेना! नशीब, शब्द २०४८च्या ठरलेल्या यादीतले असतात आणि पहिली ४ अक्षरं प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे सापडला एकदाचा. सगळे पैसे आत असते तर रात्रभर झोप लागली नसती.

आणि हो, बॉक्समध्ये शब्द आधीच छापून आले असतील तर ते वॉलेट वापरूच नका, ती सरळ फसवणूक आहे. पाठवताना पत्ता वॉलेटच्या स्क्रीनवर पूर्ण जुळवा, कॉम्प्युटरवर कॉपी-पेस्ट करताना पत्ता बदलणारे व्हायरस असतात.