क्यूआरवर आलेली घरपट्टी कुणाच्या नावावर टाकायची?

मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे, वसुलीला दारोदार फिरतो. यंदा ग्रामपंचायतीच्या खात्याचा क्यूआर कोड छापून घेतला. फार बरं झालं. सुट्ट्या पैशांची घासाघीस गेली, मार्चअखेरीला रोकड खिशात घेऊन अंधारात घरी जायची धास्तीही गेली.

पण मेळ बसत नाही. खात्यात १,२४० रुपये जमा, नाव मात्र गावातलं नाही. नमुना ९ वर, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीत, वरच्या आळीतल्या एका आजींची तेवढीच बाकी दिसत होती, म्हणून बिल घेऊन त्यांच्या दारात गेलो. आजींनी आतून वही आणली. पुण्याच्या जावयानं फोनवर सांगितलेला बारा आकडी नंबर त्यांनी पेन्सिलीनं, एकेक आकडा सुटा करून लिहून ठेवला होता. भरलेल्या पैशासाठी म्हाताऱ्या माणसाला दारात उभं केलं, याचं फार वाईट वाटलं. तुम्ही कसं जुळवता?

—

दादा, तो नंबर म्हणजे यूटीआर, त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. नमुना १० ची पावती फाडताना त्यावर लिहायचाच. नुसत्या स्क्रीनशॉटवर पावती देऊ नका, आधी बँकेचं स्टेटमेंट बघा. आम्ही आता प्रत्येक बिलावर वेगळा क्यूआर छापतो, त्यात रक्कम आणि मिळकत क्रमांक आधीच भरलेला असतो. मग पैसे जावयानं भरोत की भाच्यानं, घर कुठलं ते कळतं. आणि कितीही घाई असली तरी स्वतःच्या नंबरवर कर घेऊ नका. लेखापरीक्षणात अंगाशी येतं.

—

मी मुंबईहून गावच्या घराची पट्टी भरतो. गेल्या खेपेला पैसे कापले गेले, पण ग्रामपंचायतीला पोचलेच नाहीत. अशा वेळी लोकांना लगेच दुसऱ्यांदा भरायला लावू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे क्यूआरवर अडकलेली रक्कम पाच दिवसांत परत यायला हवी, पुढे उशिराचे दिवसाला १०० रुपये. आणि पावतीचा फोटो तेवढा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत जा. आम्हा बाहेरगावच्यांना तोच आधार.

—

मूळ प्रश्नकर्ता: आज आजींना यूटीआर घालून पावती दिली, जावयालाही फोटो पाठवला. फक्त एक अडलंय. त्या १,२४० मध्ये ६४० घरपट्टी, ६०० पाणीपट्टी. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं, पैसे सगळे ग्रामनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मुख्य खात्यात आले.

—

पाणीपट्टीचा क्यूआर वेगळा करा, निळ्या कागदावर. या वेळचे ६०० धनादेशानं पाणीपुरवठ्याच्या खात्यात वळवा आणि दोन्ही रोकडवह्यांत तोच यूटीआर लिहा.