‘नुकसानभरपाई’ एकच, जबाबदाऱ्या तीन

विचारणा

चाकणला आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. एका मोठ्या कंपनीने सुट्या भागांच्या पुरवठ्याचा इंग्रजी करार सहीसाठी पाठवलाय. माझ्या दोन भागीदारांना मराठीतूनच नीट समजतं, म्हणून मराठी मसुदा करतोय. ‘डॅमेजेस’, ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ आणि ‘इन्डेम्निटी’ या तिन्हींना ‘नुकसानभरपाई’ लिहिलं तर चालेल का? कोशात तिसऱ्यासाठी ‘क्षतिपूर्ती’ मिळाला, पण त्याचा अर्थही भरपाईच ना?

प्रतिसाद

चालणार नाही. वाटाघाटीत या तिन्हींवर वेगवेगळं भांडावं लागतं, आणि शब्द एकच असला तर भागीदारांना कशावर भांडायचं तेच कळणार नाही.

साधी ‘नुकसानभरपाई’ म्हणजे भारतीय संविदा अधिनियम, १८७२ चं कलम ७३. तुम्ही करार मोडलात, त्यातून ओघाने जे नुकसान झालं, किंवा करार करतानाच दोघांना ज्याची कल्पना होती, तेवढंच मिळतं. दूरचं, आडवळणाचं नुकसान मिळत नाही. तुमचा माल उशिरा गेला आणि त्यांची असेंब्ली लाईन थांबली, तर तो खर्च यात येतो का? करार करताना ‘लाईन थांबेल’ हे तुम्हाला सांगितलेलं होतं का, यावर बरंच अवलंबून. त्यामुळे करारात लाईन थांबण्याचा उल्लेख असेल तर ते वाक्य निरुपद्रवी समजू नका.

‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ला मी ‘पूर्वनिश्चित भरपाई’ लिहितो. करार मोडला तर किती द्यायचं, ती रक्कम करारातच आधी ठरवलेली असते.

‘इन्डेम्निटी’ कलम १२४ मध्ये आहे. तिथे वचन आहे ते समोरच्याला हानीपासून वाचवण्याचं. ती हानी तुमच्या वागण्यामुळे झालेली असो वा तिसऱ्याच कुणाच्या. म्हणून मला ‘हानिरक्षण’ हा शब्द ‘क्षतिपूर्ती’पेक्षा कितीतरी योग्य वाटतो. सरकारी कागदांत ‘हानिरक्षण बंधपत्र’ दिसतंही. क्षतिपूर्ती नुकसान झाल्यावर सुरू होते, रक्षणात आधीपासूनची जबाबदारी ऐकू येते. कंपनीवर तिसऱ्याने दावा लावला तर त्यातली भरपाई, कोर्टखर्च, रीतसर तडजोडीत दिलेले पैसे, सगळं कलम १२५ प्रमाणे तुमच्याकडून मागता येतं. इथे तीन गोष्टी मागा: हानिरक्षण फक्त तुमच्या चुकीपुरतं हवं, दावा आल्याबरोबर तुम्हाला कळवायला हवं, आणि तुमच्या संमतीशिवाय तडजोड नको. जबाबदारीची कमाल मर्यादा हानिरक्षणालाही लागू आहे का, हेही तपासा. बहुतेक वेळा मर्यादेचं कलम छान दिसतं आणि शेवटच्या ओळीत हानिरक्षण त्यातून वगळलेलं असतं.

प्रतिसाद

मधल्या ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ला कारखान्यात कुणी मराठी शब्द वापरत नाही, इंग्रजी आद्याक्षरं ‘एलडी’च चालतात. ‘एलडी लागली’, ‘बिलातून एलडी कापली’ असंच बोलतात. खरेदी-आदेशात ‘आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के’ असली ओळ असते, तीच ही. मसुद्यात ‘पूर्वनिश्चित भरपाई (एलडी)’ लिहा, भागीदारांना लगेच कळेल.

विचारणाकर्ता

मग सरळ ‘विलंब दंड’ लिहू? तोही बोलण्यातलाच आहे.

प्रतिसाद

माझं मत ‘दंड’च्या विरोधात आहे. दंड म्हटलं की शिक्षेची रक्कम, ती द्यायचीच, असं मनात बसतं. कलम ७४ नुसार करारात आकडा असो की दंड, न्यायालय वाजवी भरपाई देतं आणि तो आकडा ही कमाल मर्यादा असते. फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या निकालापासून ही भूमिका पक्की आहे. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या खटल्यात तर भूखंडाच्या विसाराचे जप्त केलेले ७८ लाख परत करायला लावले, कारण तोच भूखंड प्राधिकरणाने नंतर कितीतरी जास्त भावाने विकला होता, म्हणजे नुकसान झालंच नव्हतं. नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. माल घेणारी कंपनी मात्र बिलातूनच कापून घेते आणि मग वसुलीसाठी तुम्हालाच धावावं लागतं. म्हणून ‘विलंबाबद्दल एलडी हीच एकमेव भरपाई’ हे वाक्य आग्रहाने घालून घ्या. नाहीतर एलडीही कापतील आणि वर कलम ७३ चा दावाही लावतील.

प्रतिसाद

जाता जाता ‘मोबदला’ही जपून वापरा. करारात तो मालाच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशासाठी येतो, कायद्याच्या मराठीत त्याला ‘प्रतिफल’ म्हणतात. पण ज्यांची जमीन संपादनात गेली, त्यांच्या कानाला मोबदला म्हणजे भरपाईच. चाकण परिसरात हा गोंधळ सहज होईल. ‘किंमत’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

आणि सही इंग्रजी प्रतीवर होणार असेल तर मराठी मसुद्याच्या वर ‘केवळ समजण्यासाठी’ असं लिहा. दोन्ही प्रतींवर सह्या होणार असतील, तर फरक पडल्यास कोणता पाठ ग्राह्य धरायचा, याचं कलम करारातच हवं.