ड्राकनच्या चाहत्यांनी बनवलेल्या लेव्हल्स: परीक्षण कडक हवं की सांभाळून?

वाटाड्या (धागाकर्ता)

ज्यांनी ड्राकन खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९चा गेम. सिअ‍ॅटलच्या सर्रियल सॉफ्टवेअरने बनवला, सिग्नोसिसने बाजारात आणला. रिन नावाच्या मुलीच्या धाकट्या भावाला, डेलनला, पळवून नेतात. त्याला सोडवायला ती शतकानुशतकं झोपलेल्या आरोख या ड्रॅगनला उठवते आणि दोघांचे जीव एकमेकांशी बांधले जातात. अर्धा गेम आरोखच्या पाठीवरून आकाशात, अर्धा रिनच्या पायांनी गुहांमध्ये.

कंपनीने पुढे लेव्हल एडिटरही, म्हणजे गेमचे नवे टप्पे (लेव्हल्स) बनवायचं अवजार, खेळणाऱ्यांच्या हाती दिला. त्यातून चाहत्यांनी एकमेकांशी लढायचे मॅप बनवले, आणि एकट्याने खेळायच्या लेव्हल्सही. या दुसऱ्या प्रकाराला कथा लागते, शत्रू कुठे उभे करायचे ते ठरवावं लागतं, कुठलं दार कशाने उघडेल ते जुळवावं लागतं. म्हणून त्या मोजक्याच आहेत. गेली काही वर्षं मी त्या एकेक करून खेळतोय आणि प्रत्येकीवर लिहितोय.

माझं मत स्पष्ट आहे. परीक्षण कडक हवं आणि शेवटी दहापैकी गुण हवेत. 'फुकटात दिलंय, नावं कसली ठेवता' हा युक्तिवाद मला मान्य नाही. लेव्हल पूर्ण खेळल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही, तेव्हा मला जे दिसलं ते सांगायचा हक्क मी कमावलेला असतो.

माझी पहिली कसोटी म्हणजे रिन आरोखवरून कुठे उतरते आणि का. मूळ गेमची सगळी गंमत त्या उतरण्यात आहे. वर असताना तुम्ही दरीचे राजे असता, वॉरटॉक, म्हणजे गेममधले धिप्पाड शत्रू, मुंग्यांएवढे दिसतात. उतरलात की तोच वॉरटॉक तुमच्यापेक्षा दीडपट उंच. चाहत्यांच्या बऱ्याच लेव्हल्समध्ये हे हुकतं. एक तर सगळं आकाशातच उरकतं, नाहीतर आरोखला दारात उभं करतात आणि पुढचा तासभर त्याची आठवणही काढत नाहीत.

गेल्या महिन्यात खेळलेली एक लेव्हल सांगतो. नाव देत नाही, कारण बनवणारा आपल्यातलाच असू शकतो. बर्फाळ दरी, सुरुवात अप्रतिम. मग बुरूज. आरोख बाहेर, रिन आत. तीन दालनांत मिळून एकच तलवार. या गेममध्ये हत्यारं झिजतात हे खेळलेल्यांना माहीत आहे. दुसऱ्या दालनात माझी तलवार तुटली आणि पुढे एक चाकूही ठेवलेला नव्हता. शेवटी वर नेणारा दगडी चौथरा. खटका ओढला, चौथरा वर गेला, रिन खालीच. चाळीस मिनिटं मी तो खटका ओढत होतो. शेवटी चीट (गेमचे नियम डावलायचा गुप्त कोड) वापरून वर गेलो आणि लेव्हल संपवली. दहापैकी चार दिले. मला ते योग्य वाटतात.

---

पाऊसवेडी

लेव्हल पूर्ण खेळून मगच लिहिता याबद्दल आदर आहे. पण गुणांना माझा ठाम विरोध.

एडिटर तुम्ही कधी उघडलाय का? मी उघडलाय. जमीन एक थर, छत दुसरा थर. प्रत्येक थर म्हणजे चौकोनांची जाळी, आणि त्या जाळीचा एकेक बिंदू उचलून किंवा दाबून डोंगर-दऱ्या करायच्या. एका डोंगरात गुहा हवी तर वरच्या थराला भोक पाडायचं, खाली नवी जमीन आणि नवं छत आणायचं, आणि दोन्हींच्या कडा अशा जुळवायच्या की रिन त्या फटीतून खाली पोकळीत पडणार नाही. गुहेचं एक तोंड नीट जुळवायला मला तीन रात्री लागल्या होत्या, आणि तरी डाव्या कोपऱ्यातून आकाश दिसायचंच.

हे अवजार कंपनीतल्या लोकांनी स्वतःसाठी बनवलेलं होतं. त्यांच्याकडे शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस होता, खेळून बघणारे परीक्षक होते. इथे एकटा माणूस रात्री जेवणं आटोपल्यावर बसतो. तोच वास्तुरचनाकार, तोच लेखक, तोच तपासनीस. त्याच्या कामाला मूळ गेमच्या मापाने मोजणं अन्याय आहे.

आणि गुण दिले की मजकूर कुणी वाचत नाही. तुम्ही बर्फाळ दरीला 'अप्रतिम' म्हणालात. तो शब्द चाराच्या आकड्याखाली गाडला गेला.

दुसरा भाग, द एन्शंट्स गेट्स, २००२मध्ये फक्त प्लेस्टेशन २वर आला. सर्रियल पुढे मिडवे या गेम कंपनीकडे गेली, मग वॉर्नरकडे. तिसरा भाग आलाच नाही. आरोखला आज नवी दरी कोण देणार? हीच माणसं. त्यांच्यातला एक जरी आकडा बघून थांबला तर ते आपलं सगळ्यांचं नुकसान आहे.

---

घारगड

मी धागाकर्त्याच्या बाजूने.

टूम्ब रेडर या गेमवाल्यांकडे बघा. तिथे चाहत्यांच्या लेव्हल्सना चार कप्प्यांत दहापैकी गुण देतात: खेळ आणि कोडी, शत्रू-वस्तू-गुप्त जागा, वातावरण-आवाज-कॅमेरे, प्रकाश आणि टेक्स्चर (भिंती-जमिनीवर चढवलेली चित्रं). वर्षानुवर्षं हेच चाललंय. त्यामुळे बनवणाऱ्याला कळतं की माझा प्रकाश चांगला आहे पण कोडी कच्ची आहेत. लोक थांबले नाहीत. उलट तिथल्या चांगल्या लेव्हल्स मूळ गेमच्या तोडीच्या झाल्या.

डूम हा गेम १९९३चा. त्याच्या वॅड फाइल्स, म्हणजे चाहत्यांच्या लेव्हल्स, आजही बनतात, आणि २००४पासून दरवर्षी त्यांतल्या उत्तम कामांना काकोवॉर्ड्स नावाचे पुरस्कार मिळतात. निवड करायची म्हणजे डावं-उजवं करावंच लागतं. सगळ्यांच्या पाठीवर सारखीच थाप मारली तर त्या थापेला किंमत काय राहिली?

---

जुनं_दप्तर

घारगड, उदाहरणं बरोबर आहेत, पण इथे लागू होत नाहीत.

टूम्ब रेडरचा एडिटर २०००मध्ये त्याच्या क्रॉनिकल्स या भागाबरोबर खोक्यातच आला. त्यावर बनलेल्या लेव्हल्स हजारोंनी आहेत आणि परीक्षण करणारेही भरपूर. एकाने चार दिले, दुसऱ्याने आठ दिले, तर वाचणाऱ्याला मधलं काहीतरी कळतं. एखाद्या परीक्षकाची त्या दिवशीची चिडचिड सरासरीत विरघळते.

ड्राकनच्या लेव्हलवर एकच माणूस लिहितो. बहुतेक वेळा तो वाटाड्या असतो. म्हणजे वाटाड्याने दिलेले चार गुण हीच त्या लेव्हलची जन्मभराची ओळख. गावात एकच न्यायाधीश असेल आणि वर अपील नसेल, तर त्याने निकालपत्र सविस्तर लिहावं आणि शिक्षा जपून द्यावी. कडक लिहा, जरूर लिहा. आकडा मात्र नको.

घारगड, तुम्हीच दिलेल्या दुसऱ्या उदाहरणात गुण नाहीत हेही बघा. ती निवड आहे आणि सोबत निवडीचं कारण लिहिलेलं असतं. मला ती पद्धत जास्त पटते.

---

तळटीप

वाटाड्या, ती बुरुजाची लेव्हल कुठली ते वर्णनावरून ओळखलं. माझ्याकडे विंडोज एक्सपीचा जुना संगणक अजून चालू आहे, काल त्यावर ती खेळलो. चौथरा रिनला घेऊन व्यवस्थित वर जातो. मग नव्या संगणकावर लावली तर तुमच्यासारखीच रिन खाली राहिली. फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) ६०वर बांधला आणि पुन्हा खटका ओढला, रिन वर.

बनवणाऱ्याने त्या काळच्या संगणकावर तपासून दिलेली वस्तू तुम्ही आजच्या ग्राफिक्स कार्डावर धाववली आणि त्याचे गुण कापले. चार गुणांतला काही भाग तुमच्या संगणकाचा आहे.

इतर परीक्षकांनाही विनंती: कुठल्या विंडोजवर, कुठला रॅपर (जुन्या गेमचे ग्राफिक्स नव्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) लावून, किती फ्रेम रेटला खेळलात हे पहिल्या ओळीत लिहा. जुन्या गेमच्या परीक्षणात ही माहिती कथेपेक्षा महत्त्वाची आहे.

---

वाटाड्या

तळटीप, तुमचं बरोबर आहे, माझी चूक झाली. काल रात्री मीही फ्रेम रेट बांधून खेळलो. चौथरा वर गेला. चौथऱ्याबद्दलचा पूर्ण परिच्छेद मी परीक्षणातून काढतोय आणि का काढला ते तिथेच लिहितोय. यापुढे असं काही अडलं तर दोन संगणकांवर तपासल्याशिवाय लिहिणार नाही.

जुनं_दप्तर, एकाच न्यायाधीशाचा मुद्दा मला लागला. आपण एकटेच लिहितो म्हणून जास्त काटेकोर असायला हवं असं मी समजत होतो. आपण एकटेच आहोत म्हणून आपला आकडा जड होतो, हे लक्षात आलं नव्हतं.

पण तलवारीचं आणि आरोखचं काय? तिथे फ्रेम रेटचा संबंध नाही. तीन दालनं, एक तलवार, आणि ड्रॅगन बाहेर बर्फात उभा. हा बनवणाऱ्याचा निर्णय आहे आणि तो मला आजही चुकलेला वाटतो.

---

पाऊसवेडी

तुमचं उत्तर येण्याआधी मीही ती लेव्हल उतरवून घेतली आणि रविवारी खेळले. तलवारीबद्दल मला अगदी उलट वाटलं.

दुसऱ्या दालनात तलवार तुटते तेव्हा समोर दोन वॉरटॉक असतात. मी पळाले. पळताना डाव्या भिंतीतली चिंचोळी खिडकी दिसली, आणि त्या खिडकीतून खाली आरोख दिसतो. बर्फात बसलेला. त्याच्यापर्यंत जाता येत नाही, तो आत येऊ शकत नाही. हातात काही नाही. मूळ गेम खेळताना आरोखची इतकी गरज मला क्वचित वाटली असेल, कारण तिथे हत्यारं भरपूर मिळतात.

मग खांबांच्या आडून, न लढता, चौथऱ्यापर्यंत पोहोचले. वर गच्चीवर आल्यावर हाक मारली आणि तो उडत आला. त्या क्षणासाठी सगळा बुरूज बांधलाय असं मला वाटतं. उतरायचं कारण हवं असं तुम्ही म्हणता. इथे पुन्हा चढायचं कारण दिलंय.

तुम्ही ती खिडकी पाहिलीत का?

---

घारगड

खिडकी सुंदर असेल. पण न लढता जायचं आहे हे खेळणाऱ्याला कळायला हवं ना? पहिल्या दालनात एखादा वॉरटॉक पाठमोरा उभा केला असता, त्याच्यामागून निसटता येतं हे दाखवलं असतं, तर दुसऱ्या दालनात माणूस आपोआप तसं वागला असता. काही न शिकवता परीक्षा घेतली. खेळणारा गोंधळला तर तो दोष लेव्हलचाच, आणि परीक्षणात तो यायलाच हवा.

---

वाटाड्या

पाऊसवेडी, खिडकी मी पाहिली नव्हती. मी उजवीकडे पळालो होतो. तुमचं वाचून आज पुन्हा गेलो, डावीकडे पळालो आणि खिडकीपाशी थांबलो. तुम्ही म्हणता ते खरं आहे. घारगड म्हणतात तेही मला खरं वाटतं, डावीकडे नजर जावी यासाठी त्या भिंतीवर एक मशाल पुरली असती. हे दोन्ही मी परीक्षणात लिहिणार आहे.

---

कोरा_थर

बरेच दिवस नुसता वाचत होतो. मी लेव्हल बनवलेली आहे, म्हणून लिहितो. वर चर्चा चाललीय ती नव्हे, वेगळी.

कॉलेजात असताना हा गेम सायबर कॅफेत खेळलो, मग मित्राकडून सीडी आणली. एडिटर शिकायला उन्हाळ्याची सुट्टी गेली. लेव्हल दिल्यावर मला दोनच प्रतिसाद आले. एकाने लिहिलं, 'छान आहे, मजा आली.' दुसऱ्याने तीन गुण दिले आणि खाली दोन वाक्यं: रस्ता सापडत नाही, फार अंधार आहे.

लोकांना वाटेल मला तीन गुण लागले. लागले, खोटं कशाला सांगू. पण मी जास्त वेळ त्या 'छान आहे'कडे बघत बसलो होतो, कारण त्यातून मला काहीच करता येत नव्हतं. अंधार आहे म्हणणाऱ्याचं ऐकून मी दुसऱ्या दिवशी सहा मशाली लावल्या. 'रस्ता सापडत नाही' याचं मात्र काही करता आलं नाही, कारण कुठे सापडत नाही ते त्याने लिहिलं नव्हतं. 'दुसऱ्या गुहेत उजवीकडे गेलो आणि अडकलो' एवढं जरी लिहिलं असतं तरी मी ती गुहा दुरुस्त केली असती.

वाटाड्या, तुम्ही बुरुजाबद्दल लिहिलंत त्यात कुठे, काय, किती वेळ, सगळं आहे. माझ्या वेळी मला ते मिळालं असतं तर दुसरी लेव्हल पूर्ण झाली असती. खाली आकडा असता तरी चाललं असतं, नसता तरी चाललं असतं.

---

पाऊसवेडी

म्हणजे दुसरी सुरू केली होती?

---

कोरा_थर

हो. बेटांची आहे. तीन बेटं, मधे समुद्र, आरोखशिवाय जाताच येत नाही अशी. दोन पूर्ण झालीत, तिसऱ्यावर फक्त जमिनीचा थर आहे. हार्ड डिस्क जपून ठेवलीय.

---

वाटाड्या

पाठवाल का? जेवढी आहे तेवढीच खेळतो. कुठे अडलो ते दालनागणिक लिहून देतो, सोबत कुठल्या संगणकावर खेळलो तेही. गुण देणार नाही. अर्धवट कामाला मी कधीच दिले नव्हते, आणि या धाग्यानंतर पूर्ण कामालाही देणार नाही असं ठरवतोय.

---

घारगड

गुण सोडू नका असं माझं अजूनही म्हणणं आहे. पण लेव्हल मलाही हवी.

---

कोरा_थर

शनिवारी डिस्क लावून बघतो आणि दोघांनाही पाठवतो. एक सांगून ठेवतो, दुसऱ्या बेटावर पडक्या देवळामागे आरोख उतरतो, पण तिथून पुन्हा उडता येत नाही, पंख छताच्या थराला लागतात. तेव्हा ते मला सुटलं नव्हतं. तेवढं नीट बघा.