मदत हवी आहे: फोर्लिंपोपोलीची सेगावेक्किया बघायचीय

नमस्कार मंडळी, इटलीत बोलोन्याच्या आसपास राहणारं कोणी आहे का इथे? ईस्टरआधीच्या उपवासाच्या मधोमध तिथल्या फोर्लिंपोपोली गावात सेगावेक्किया नावाची जत्रा भरते ना, म्हातारीचा भलामोठा पुतळा गावातून मिरवतात आणि शेवटी सगळ्यांसमोर करवतीनं कापतात, मग पोटातून सुका मेवा, गोळ्या-चॉकलेटं बाहेर पडतात, ऐन उपवासात अशी मजा, मला फार आवडलंय हे. शिवाय स्वयंपाकाच्या पुस्तकवाले पेल्लेग्रिनो आर्तुसी इथलेच, १८२० चा जन्म. आई सोबत येणारे, तिला फार वेळ उभं राहवत नाही. बोलोन्या-रिमिनी लाईनच्या ट्रेननं एका दिवसात जाऊन येता येईल, की जवळच्या फोर्ली शहरात मुक्काम करू? आणि पुतळा कापतात तिथे बसायला जागा मिळते का? कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.