लिंबू-सोडा रोज लावला तर दात पांढरे होतात का?

जेटीवरचा: मंडळी, मी मिरकरवाड्याला बोटींचे हिशेब लिहितो. दिवसाला सात-आठ कोरे चहा, दात पिवळेजर्द. मेमध्ये लग्न आहे. फोटोवाला आत्ताच सांगून गेलाय, "तोंड मिटून हसायची सवय करा." शेजारच्या काकी म्हणतात, लिंबू पिळून त्यात खायचा सोडा. आजी म्हणते, माझी राखुंडी लाव. कुणी करून पाहिलंय?

सुरंगी: मी करवंटीचा कोळसा कुटून लावते. बेसिन काळं होतं, पण दात चकचकीत!

कुडाळची सून: लिंबू नको हो. मी लावलंय म्हणून सांगते. लग्नाआधी सहा आठवडे, रोज आंघोळीआधी. पहिल्या आठवड्यात चहाचा थर गेला, मी खूश. मग साखरपुड्याच्या जेवणात सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि कळ थेट कानात. कैरी खाऊन दात आंबतात ते संध्याकाळपर्यंत उतरतं. माझं आठ महिने उतरलं नाही. नव्या सुनेने सोलकढीला नाही म्हणायचं, सासूबाईंना काय वाटलं असेल बघा.

डेंटिस्टबाईंनी आरसा धरला. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार! पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचा वरचा कडक थर, विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस २ ते २.५. गेलेलं इनॅमल परत येत नाही. आतलं डेंटीन मुळातच पिवळट, म्हणजे वरचा थर जितका पातळ तितके दात पिवळे. एवढा खटाटोप करून मी उलट्या दिशेला चालले होते.

नुसता सोडा त्यामानाने सौम्य, वरवरचे डाग काढतो, आतला रंग बदलत नाही. लिंबात घातल्यावर फसफसतो तो नुसता वायू, त्याने काही साफ होत नाही. सुरंगीताई, कोळशाची चकाकी म्हणजे घासणं. जपून.

आधी साधं क्लिनिंग करून घ्या, चहाचे डाग बरेचसे तिथेच जातात. तरी हवं असेल तर पेरॉक्साइड, म्हणजे दात उजळवायचं औषध. मला ठणका थांबल्यावर १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल दिलं, दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये, दोन आठवडे रात्री. फरक पडला. कॅप किंवा सिमेंट भरलेला दात असेल तर आधी सांगा, त्याचा रंग बदलत नाही, शेजारचे उजळले की तोच उठून दिसतो.

आणि आजींची राखुंडी कशाची? तुसाची की तंबाखूची?

सुरंगी: बेसिन सुटलं म्हणायचं माझं.

जेटीवरचा: आत्ता डबी उघडून वास घेतला. मिश्री आहे, म्हणजे भाजलेली तंबाखूच. घरात सगळे इतकी वर्षं राखुंडीच म्हणतोय. आजीच्या डाव्या गालात आत पांढरा चट्टा आहे, "चुना लागला असेल" म्हणते. क्लिनिंगची सोमवारची वेळ घेतलीये, खुर्चीत आधी तिला बसवतो.