वॉकर, फुलर, टकर : आडनावं तीन, धंदा एकच

प्रश्न : स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, हे कळतं. पण वॉकर? नुसतं चालणं हा काय धंदा झाला?

– झाला की! फक्त रस्त्यावर नाही, कापडावर चालायचं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते हौदात घालून त्यावर पाणी, माती आणि चक्क शिळं मूत्र ओतायचं आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचं. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया होतो, तो तेल काढतो. (जेवताना वाचत असाल तर क्षमस्व.) तुडवून तुडवून धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं. मग चौकटीवर आकड्यांना अडकवून ताणून वाळवायचं. हे करणारा तो वॉकर. मात्र जुन्या इंग्रजीत 'वॉक' या क्रियापदाचा अर्थ लोळवणं, घुसळणं असा होता. 'चालणं' हा अर्थ मागाहून आला. जर्मनमधलं 'वाल्कन' तर आजही याच कामासाठी वापरतात.

– मग फुलर आणि टकर?

– तेही हेच काम करणारे. फुलर लॅटिन 'फुलो'वरून आला. हौदातली ती माती म्हणजे 'फुलर्स अर्थ', आपली मुलतानी माती. टकरच्या मुळाशी असलेल्या जुन्या क्रियापदाचा अर्थ 'छळणं'. कापडाचं जे काय व्हायचं ते पाहता नाव चपखल आहे! फरक प्रदेशाचा : इंग्लंडच्या उत्तरेत आणि मिडलंड्समध्ये, म्हणजे मधल्या भागात वॉकर, आग्नेयेला आणि पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लियात फुलर, नैर्ऋत्येला डेव्हनकडे टकर. डेव्हनमधल्या एक्सेटरला १४७१ साली बांधलेला टकर्स हॉल, म्हणजे या कारागिरांच्या संघाचं सभागृह, अजून उभा आहे.

गंमत अशी की बाराव्या शतकापासूनच पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले होते. टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या ११८५च्या दप्तरात अशा गिरण्यांची नोंद आहे. आडनावं बापाकडून मुलाकडे जायची रीत सामान्य लोकांत रुजली ती त्यानंतर. म्हणजे पुष्कळ वॉकरांनी कापडावर पाऊलही ठेवलं नसणार.

– म्हणजे सगळे वॉकर एका कुळातले नाहीत?

– छे! लोकर विणणाऱ्या गावोगावी कापड तुडवणारा असायचाच, त्यामुळे हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. वेल्समध्ये कापड तुडवणाऱ्या गिरणीला 'पँडी' म्हणतात. टोनीपँडी या गावाच्या नावात तीच आहे.