लॅब अर्ध्या वाटेतून डमी घेऊन पळते: ७ महिन्यांच्या पिल्लाला 'आण' कसं शिकवावं?

कंपू_लष्कर

नमस्कार मंडळी. घरी ७ महिन्यांची पिवळी लॅब (लॅब्राडॉर) मादी आहे, वजन २२ किलो. शिकार करायची नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती करताही येत नाही. पण ही जात ज्या कामासाठी घडली ते काम तिला डमीवर, म्हणजे सरावासाठी फेकायच्या कापडी गुंडाळीवर तरी नीट यावं, अशी मनापासून इच्छा आहे. सांगेपर्यंत बसून राहणं, पडलेली वस्तू शोधून हातात आणून देणं, लांबून शिट्टीवर थांबणं, एवढंच.

सध्या घरात 'बस' म्हटलं की बसते, मैदानात मात्र कानच नसल्यासारखी. डमी हातातून सुटायच्या आत धावते. उचलते झटकन, पण परत येताना ७-८ पावलांवर वळते आणि गोल गोल पळत सुटते. पकडली तर दात घट्ट, दोन डमींचं कापड फाडून झालंय. रोज सकाळी ग्वाल्हेरच्या मेळा मैदानावर २०-२५ वेळा फेकतो, कधी डमी, कधी टेनिसचा चेंडू. आम्ही दोघं मराठीत बोलतो, कामाच्या बाई आणि शेजारी हिंदीत, मुलांचं 'सिट', 'कम' चालू असतं. सुरुवात कुठून करू? एप्रिल लागलाय, उन्हाळा सरेपर्यंत थांबावं का?

मुरार_पलीकडे

थांबू नका, पण फेकणं आजपासून दहा दिवस पूर्ण बंद करा. तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ त्या २५ फेकींत आहे. प्रत्येक फेकीला ती दोन गोष्टी पक्क्या करते: वस्तू उडाली की धावायचं, आणि माणूस मागे लागला की खरी मजा. वस्तू उचलणं लॅबच्या रक्तातच असतं, ते शिकवावं लागत नाही. शिकवायचं असतं ते धावण्याआधीचं थांबणं आणि उचलल्यानंतरचं परत येणं. फेक वाढली की नेमकं हेच दोन्ही बिघडतं.

दहा दिवसांनंतर घरातल्या पॅसेजमध्ये सुरू करा. दोन्ही बाजूंची दारं लावा. तिचं अंथरूण एका टोकाला, आणि त्याच्या जरा पुढे तुम्ही जमिनीवर बसा, अंग भिंतीकडे तिरकं. डमी ३-४ मीटरवर टाका. मिळालेली वस्तू कुत्रं आपल्या जागेवर नेतं आणि त्या वाटेत तुम्ही आहात, म्हणजे पळायला दुसरी दिशाच उरत नाही. तिच्या डोळ्यांत रोखून बघू नका, पुढे वाकू नका. समोरून झुकलेला माणूस पिल्लाला डमी हिसकावणारा वाटतो.

ती जवळ आली की हात डमीकडे न्यायचा नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. आधी छातीवर, मग कानामागे खाजवा, डमी तोंडातच असू दे. मनात दहा मोजा. मग एक हात हनुवटीखाली धरा, दुसऱ्यानं डमीचं टोक धरा, एकदाच 'दे' म्हणा आणि वाट बघा. ओढायचं नाही, तुम्ही ओढलं की ती दात आवळणारच. सोडत नसेल तर डमी किंचित तोंडाच्या आतल्या बाजूला ढकला, जबडा सैल पडतो. रस्सीखेच घरात कुणीच खेळू नये, मुलांनी तर नाहीच. पुढे जड तोंडाची, म्हणजे वस्तू चेचून आणणारी कुत्री होतात, त्यामागे बहुधा हिसकाहिसकी आणि ओढाताण असते.

एका वेळी दोन फेकी, फार तर तीन. ती अजून मागत असतानाच डमी कपाटात गेली पाहिजे. डमी हे तिचं खेळणं नाही, तुमचं सामान आहे. दिवसभर हाताशी पडून राहिली तर ती चावणारच.

डमी हलकी हवी. मोठ्या कुत्र्याची तयार डमी साधारण ५०० ग्रॅमची असते, तुम्हाला आत्ता २००-२५० ग्रॅम पुरे. जुन्या जीन्सचा पाय २० सेंटिमीटर कापून चिंध्या ठासून भरा आणि दोन्ही तोंडं जाड दोऱ्यानं शिवा. रंगकामाच्या रोलरचं कव्हरही चालतं. मधला भाग टोकांपेक्षा जरा बारीक ठेवला तर ती आपोआप मधोमध धरायला शिकते. टेनिसचा चेंडू काढून टाका. दाबला की परत फुगतो, त्यामुळे चावायची चटक लागते, आणि त्याचं खरखरीत कापड दात झिजवतं.

थांबणं वेगळ्या वेळी शिकवा. डाव्या पायाशी बसवा, गळपट्ट्यात बोट अडकवा, डमी ५ मीटरवर टाका, पाच मोजा आणि स्वतः चालत जाऊन उचलून आणा. तिला तिथेच बसू द्या. उठली तर न रागावता त्याच जागी परत बसवा. चारपैकी तीन डमी तुम्ही आणायच्या, एक तिनं. तिची पाळी कितवी ते रोज बदला, नाहीतर ती मोजायला शिकते. 'थांब, थांब, थांब' असा जप करू नका. एकदा म्हटलेलं पाळलं गेलं पाहिजे, म्हणून आधी बोट पट्ट्यात आणि मग शब्द.

पॅसेजमध्ये सलग आठवडाभर न चुकता हातात देऊ लागली की मैदान. तेही मधोमध नको, कडेच्या भिंतीलगत. एक बाजू बंद झाली की पळण्याच्या दिशा निम्म्या होतात. छातीच्या हार्नेसला ८-१० मीटरची हलकी दोरी लावा, टोकाला फास किंवा गाठ नको, दगडात अडकते. दोरी तिला ओढून आणायला नाही, गोल चक्कर थांबवायला आहे. ती वळली की शिट्टी द्या, पाठ करा आणि उलट दिशेला चालू लागा, मग खाली बसा. मागे एक पाऊलही धावायचं नाही.

छावणी_बजरिया

वरचं सगळं बरोबर आहे. फक्त शब्दांचं बघा, ही अडचण आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली खास आहे. तुम्ही 'बस' हा हुकूम केलाय. हिंदीत 'बस' म्हणजे पुरे. चहा ओतताना 'बस बस', फोनवर 'बस, आ रहा हूँ', भाजीवाल्याला 'बस इतना ही'. तीच गत 'ये'ची: 'ये क्या है', 'ये रख दो'. कुत्रं अर्थ ऐकत नाही, आवाज ऐकतं. दिवसभर तोच आवाज कानावर पडतो आणि त्यानंतर काहीच घडत नाही, म्हणजे तो शब्द मेलाच.

म्हणून बसण्यासाठी घरातल्या सगळ्यांनी 'बैठ' म्हणावं, बाईंनाही सोपं. 'आण' आणि 'थांब' मराठीच ठेवा, शेजारच्या हिंदी बोलण्यात ते येत नाहीत. 'दे' तेवढा हात हनुवटीखाली असतानाच म्हणायचा. जवळ बोलावायला शब्दच नको, शिट्टी. हे चार शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि मुलांचे 'सिट', 'कम' बंद करा. निदान तीन महिने हुकूम देणारं माणूसही एकच असावं. आपल्याजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. दलांच्या कुत्र्यांना ठरलेला हँडलर असतो तो याचसाठी.

शिट्टी आत वाटाण्यासारखी गोळी नसलेली, प्लास्टिकची, क्रमांकाची घ्या. लॅबसाठी ॲक्मेची २११½ पुष्कळ जण वापरतात. त्याच क्रमांकाची दुसरी शिट्टी त्याच सुरात वाजते, त्यामुळे हरवली तरी शिकवलेलं वाया जात नाही. तीन-चार तुटक फुंकी म्हणजे ये, एक लांब फुंक म्हणजे बसून माझ्याकडे बघ. दोन्ही जेवणाच्या वेळी शिकवा. ती ताटलीकडे निघाली की तुटक फुंकी. समोर आली की हात वर, लांब फुंक, बसली की ताटली खाली. दोन वेळचं जेवण धरलं तर १४ दिवसांत २८ वेळा सराव होतो, तोही वेगळा वेळ न काढता. मैदानात पहिल्यांदा लांब फुंकीवर थांबली की त्याच क्षणी डमी तिच्या डोक्यावरून पलीकडे फेका. थांबल्यानं खेळ संपत नाही, सुरू होतो, हे तिला कळलं पाहिजे.

दाल_बाजार

एक मतभेद, खाऊबद्दल. ही मादी पळायला आधीच शिकली आहे. अशा कुत्रीला पहिले सहा-सात दिवस डमीच्या बदल्यात उकडलेल्या चिकनचा बोराएवढा तुकडा द्यावा. जवळ येणं तोट्याचं नाही हे कळायला ते मदत करतं.

आणखी एक. नारिंगी डमी आपल्याला गवतात उठून दिसते, कुत्र्याला दिसत नाही. त्यांना निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल-नारिंगी हिरव्यात मिसळून जातो. नजरेनं जाऊन आणायचं शिकवताना पांढरी डमी वापरा. नाकानं शोधायचं शिकवताना नारिंगी, आणि वारा डमीकडून तिच्याकडे येईल अशी जागा निवडा.

मुरार_पलीकडे

रंगांचं अगदी बरोबर. तुकड्याबद्दल मात्र सांगतो. खाऊ दिसला की कुत्रं डमी दोन पावलं आधीच थुंकतं, कारण तोंड रिकामं केल्याशिवाय खाता येत नाही. मग हातात देणं शिकवायला महिने जातात. खाली ठेवलेल्या ताटलीवर गुरगुरत असेल, वस्तू राखत असेल तर अदलाबदल जरूर करा. ही फक्त खेळतेय. खाऊ द्यायचाच असेल तर डमी हातात आल्यावर, आणि तोपर्यंत तो खिशात, वास न येणाऱ्या डबीत.

सकाळची_फेरी

उन्हाळ्याचं सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर जीव जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. कुत्रं घामानं नाही, धापेनं अंग थंड करतं. डमी तोंडात असली की धापही पुरती घेता येत नाही. तेव्हा एप्रिलपासून मैदानात सकाळी सहाच्या आत, दहा मिनिटं, तीन फेकी. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता आली नाही तर घरी परत. मे-जून पॅसेजमधला आणि शिट्टीचा अभ्यास करा, त्यात तुमचं काहीही मागे पडत नाही.

जीभ रुंद होऊन टोकाला पसरली, लाळ चिकट झाली, हिरड्या विटेसारख्या लाल दिसल्या, मागचे पाय लटपटले, तर काम तिथेच थांबवा. सावलीत घ्या, पोट आणि मांड्यांवर भरपूर साधं पाणी ओता, वारा घाला, पाणी ओतत-ओततच डॉक्टरांकडे न्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, ४१च्या वर गेलं तर ती आणीबाणी.

मैदानावरून आल्यावर बोटांच्या बेचक्या उघडून बघा. गोखरूचा काटा लगेच दिसतो, कारण ती लंगडते. कुसळ दिसत नाही. भाल्यासारखं टोक आणि उलटे केस असल्यानं ते कातडीत पुढेच सरकतं, मागे येत नाही. चार दिवसांनी बेचकीत लाल गाठ येते आणि ती सतत पाय चाटत बसते. कान एकाएकी झटकायला लागली, डोकं एका बाजूला झुकवलं, तर कानात कुसळ असू शकतं. ते कापूस घालून काढायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. गोचिडांसाठीही कानाच्या पाळीची घडी आणि शेपटीचं मूळ रोज तपासा. ताप, खाणं सुटणं, नाकातून रक्त यातलं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या, गोचिडांतून येणारा ताप प्लेटलेट उतरवतो.

आणि उड्या नकोत. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हाडांची टोकं कोवळी असतात, भिंतीवरून किंवा उंचावरून डमी आणायला लावू नका.

कंपू_लष्कर

सगळ्यांचे आभार. 'बस'चा घोळ आमच्या लक्षातच आला नव्हता. आजपासून 'बैठ'. आणखी दोन शंका. मैदानाच्या कडेला मोर आणि टिटव्या असतात, ती झेपावते. आणि पावसाळ्यात पाण्यातून आणणं शिकवायचं तर कुठे?

छावणी_बजरिया

मोर दिसायच्या आधी शिट्टी पक्की हवी, नंतर नाही. तोवर दोरी पायाखाली आणि पक्ष्यापासून अंतर निदान ४० मीटर. तिनं पक्षी बघितला, कान उभे झाले, त्याच क्षणी लांब फुंक. ती निघाल्यावर फुंकून उपयोग नाही. बसून नुसती बघत राहिली तर भरपूर कौतुक करा आणि उलट दिशेला एक डमी टाका. टिटवी मार्च ते ऑगस्ट उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर ती बाजू सोडा, जवळच अंडी किंवा पिल्लं आहेत.

मुरार_पलीकडे

तिघरा शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथे कुत्रं उतरवू नये. चंबळेत मगरी आहेत. स्वर्णरेखेचं पाणी तर नकोच. ओळखीच्या शेतावर उतरता काठ असलेलं तळं मिळालं तर उत्तम. सरळ भिंतींचा हौद नको, त्यातून कुत्र्याला बाहेर पडता येत नाही. त्याआधी लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराची) लस झालेली असू द्या.

पहिल्या दिवशी डमी पाण्यात नाही, काठावर. दुसऱ्या दिवशी पोटरीभर पाण्यात, तिचे पाय टेकतील तिथे. ढकलायचं, उचलून टाकायचं अजिबात नाही, एकदा घाबरली तर पुढचे कित्येक महिने काठाशी अडून बसते. तरंगायला चिंध्यांच्या मधोमध झाकण घट्ट लावलेली छोटी रिकामी बाटली शिवा.

पाण्यातून बाहेर आलेलं कुत्रं आधी डमी खाली टाकतं, मग अंग झटकतं. ही सवय एकदा लागली की जाता जात नाही. म्हणून पहिले काही दिवस तुम्ही स्वतः घोटाभर पाण्यात उभे राहा आणि तिचे पुढचे पाय जमिनीला लागताच, झटकायच्या आत, हनुवटीखाली हात घालून 'दे'. रोज एक पाऊल मागे सरका. झटकायच्या आधी डमी टाकली तर दोन पावलं पुन्हा पुढे या.